गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं, आता कारण शोधायचं कसं?

बाबांचा फोन आला तो रविवारी सकाळी. "अगं, गाडी पेट्रोल प्यायला लागलीय. गॅरेजवाला म्हणतो इंजेक्टर चोक झालेत, बहुतेक रिंगाही गेल्यात. इंजिन खोलावं लागेल. बावीस हजार सांगतोय. तू इंजिनावरच पीएचडी करतेस ना, सांग काय करू?"

आता इंजिनावर पीएचडी करते म्हणजे काय, तर मी एका बंद खोलीतल्या एका सिलिंडरच्या इंजिनात ज्वलन कसं होतं ते मोजते. खऱ्या गाडीचं बॉनेट मी वर्षातून एकदा उघडत असेन. पण "माहीत नाही" म्हणायची सोय नव्हती. आमचं घर साताऱ्यात. आईचं गेल्या वर्षापासून डायलिसिस सुरू आहे, आठवड्यातून तीनदा. ती स्कूटरवर बसू शकत नाही. म्हणजे गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये ठेवणं हाच एक मोठा प्रश्न, आणि पेन्शनमधून बावीस हजार काढणं हा दुसरा.

या एका गाडीनं मला रिसर्च मेथडॉलॉजीच्या कोर्सवर्कपेक्षा जास्त शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. गाडी २०१४ ची, १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक.

पहिला प्रश्न कारणाचा नाहीच. अ‍ॅव्हरेज खरंच पडलंय का, आणि किती, हा पहिला प्रश्न. बाबा म्हणाले, "आधी सतराच्या वर द्यायची, आता बारा देते." सतरा कुठून आलं ते पक्कं होतं. २०२१-२२ मध्ये ते रोज सातारा ते कोरेगाव नोकरीला जात, दर वेळी टाकी फुल करत आणि डायरीत लिहीत. ती डायरी मी बेरीज करून पाहिली, वर्षाची सरासरी १७.४ कि.मी. प्रतिलिटर निघाली. पण "बारा" कुठून आलं? तर पंपावर हजाराचं पेट्रोल टाकायचं आणि काटा किती खाली आला ते बघायचं. काट्यावरून काढलेल्या आकड्यावर बावीस हजारांचा निर्णय चालला होता.

म्हणून मी सांगितलं, दोन महिने काहीही दुरुस्त करायचं नाही. फक्त दर वेळी त्याच पंपावर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, वर "राउंड फिगर" करायला टाकायचं नाही, आणि लिटर व किलोमीटर दोन्ही लिहायचे. बाबांना हे अजिबात पटलं नाही. रोग असताना दोन महिने नुसतं तापमान लिहीत बसायचं? पण बेसलाइन नसेल तर नंतर केलेल्या दुरुस्तीचा उपयोग झाला की नाही हे कधीच कळत नाही.

चार वेळा टाकी भरली तेव्हा आकडे असे आले : ११.९, १३.४, १२.२, १२.९. हे बघून तुमच्या मनात काय आलं? माझ्या मनात आलं की तिसऱ्या टाकीला काहीतरी बिघडलं असणार. काहीही बिघडलेलं नव्हतं. नोझल नेमकं कुठे बंद होईल हे गाडी किती तिरकी उभी आहे, पेट्रोल किती फेसाळतंय यावर अवलंबून असतं. एका वेळी अर्धा-पाऊण लिटर इकडेतिकडे सहज होतो, आणि मोजणीला सुरुवात आणि शेवट अशी दोन टोकं असतात. दोन्ही मिळून एक लिटर धरा. सतरा लिटरच्या टाकीत एक लिटर म्हणजे सहा टक्के. म्हणजे एका टाकीवरून काढलेलं अ‍ॅव्हरेज १२.६ असेल तर ते ११.९ ते १३.४ मध्ये कुठेही असू शकतं. आकडे बघा, बरोबर तेवढेच पसरलेत.

यातली गंमत मला फार आवडते. या वेळी टाकी जरा कमी भरली तर आकडा चांगला येतो, पण तो तुटलेला अर्धा लिटर पुढच्या वेळी भरला जातो आणि पुढचा आकडा खराब येतो. म्हणजे या चुका एकमेकींना खोडत जातात. चारही टाक्या मिळून ८४६ कि.मी. आणि ६७.१ लिटर. मधल्या सगळ्या चुका गेल्या, उरली फक्त पहिल्या आणि शेवटच्या टोकाची, तीच एक लिटरची. पण आता ती ६७ लिटरांत, म्हणजे दीड टक्का. उत्तर १२.६, अधिक-उणे ०.२. चार आकड्यांची स्वतंत्र सरासरी काढून ही अचूकता मिळत नाही असं नाही, पण तिची खात्री एकूण बेरजेतूनच येते. ओडोमीटरही तपासला. टायरचा साइझ तोच होता, महामार्गावरच्या दगडांप्रमाणे वीस कि.मी. गेल्यावर त्यानं २०.१ दाखवले.

म्हणजे अ‍ॅव्हरेज पडलं होतं हे खरं. आता कारणांचा हिशेब मांडायचा तर आधी एकक बदला. कि.मी. प्रतिलिटर हे बढाई मारायला चांगलं, बेरजेला निरुपयोगी. "ब्रेकमुळे दोन गेले, एसीमुळे एक गेला" अशी बेरीज या एककात करताच येत नाही, कारण पेट्रोल भागाकारात खाली बसलंय. जळतं ते पेट्रोल, म्हणून बेरीज पेट्रोलची करायची. १७.४ म्हणजे शंभर कि.मी.ला ५.७५ लिटर, १२.६ म्हणजे ७.९३ लिटर. गाडी महिन्याला साधारण ४३० कि.मी. फिरते. म्हणजे दर महिन्याला सुमारे ९.४ लिटर जादा जात होते, हजारभर रुपये. आणि इथंच थांबून एक साधा भागाकार केला : गॅरेजवाल्याचं निदान शंभर टक्के बरोबर असतं, आणि सगळं अ‍ॅव्हरेज परत आलं असतं, तरी बावीस हजार वसूल व्हायला बावीस महिने लागले असते. हा भागाकार फोनवरच करता आला असता. सुचला नाही.

आता गॅरेजचं गृहीतक. त्यांनी स्कॅनर लावला होता आणि त्यात "लाँग टर्म फ्युएल ट्रिम" +६ टक्के दिसत होता. हा आकडा वाचता येणं महत्त्वाचं आहे, कारण त्याचा अर्थ बरेच जण उलटा लावतात. ईसीयू आधी हिशेब करतो की एवढी हवा आली, तर एवढं पेट्रोल सोडायचं. मग एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सांगतो की मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय की जास्त होतंय. त्याप्रमाणे ईसीयू दुरुस्ती करतो, आणि सतत एकाच दिशेनं करावी लागणारी दुरुस्ती लाँग टर्म ट्रिममध्ये लिहून ठेवतो. +६ चा अर्थ "गाडी सहा टक्के जास्त पेट्रोल पिते" असा नाही. ईसीयूच्या अंदाजापेक्षा सहा टक्के कमी पेट्रोल पोचत होतं, ते त्यानं भरून काढलं, एवढाच अर्थ. समजा इंजेक्टर खरोखर चोक झालेत आणि चारही सारखेच झालेत. तरी ईसीयू ते जास्त वेळ उघडे ठेवेल आणि सिलिंडरमध्ये पोचणारं पेट्रोल जेवढ्यास तेवढंच राहील. त्यानं अ‍ॅव्हरेज तीस टक्के पडत नाही.

मग +६ कशामुळे? कुठून जादा हवा ओढली जात असेल तर ट्रिम आयडलला मोठा दिसतो आणि आरपीएम वाढवला की कमी होतो. पंपाचं प्रेशर कमी असेल तर उलट, लोड वाढला की ट्रिम वाढतो. इथे तो सगळीकडे सारखाच होता. यावर मला इथेनॉलचा संशय आला. २०२२ च्या मध्यावर देशात पेट्रोलमध्ये सरासरी दहा टक्के इथेनॉल होतं, २०२५ मध्ये ते वीस टक्क्यांवर गेलं. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा, इथेनॉलला ९. घनता धरून हिशेब केला तर तेवढ्याच हवेसाठी ई२० हे शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे साडेसात टक्के आणि ई१० पेक्षा पावणेचार टक्के जास्त लागतं. आमचा +६ या दोन्हींच्या मधे. पण आकडा जुळला म्हणजे सिद्ध झालं असं नाही, सारखे चोक झालेले इंजेक्टरही असाच सपाट +६ देतील. म्हणून शेजारच्या काकांची त्याच मॉडेलची, त्याच पंपावर भरणारी गाडी मागितली. त्यांचा ट्रिम +५. त्यांचे इंजेक्टरही नेमके तेवढेच चोक झाले असतील यावर माझा विश्वास बसत नाही. रिंगांसाठी कॉम्प्रेशन टेस्ट करून घेतली, चारही सिलिंडर १६८ ते १७५ पीएसआयमध्ये. ऑइल कमी होत नव्हतं, निळा धूर नव्हता. ते प्रकरण मिटलं.

ई२० मुळे अ‍ॅव्हरेज थोडं पडतंच, तो भाग खरा. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा, इथेनॉलमध्ये २१. ई१० वरून ई२० वर आलं की लिटरमागे साडेतीन टक्के ऊर्जा कमी. जुन्या हिशेबातल्या महिन्याच्या पावणेपंचवीस लिटरवर हे ०.९ लिटर. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० ला जुळवलेल्या चारचाकींसाठी सहा-सात टक्के घट धरली होती. तीही धरली तरी पावणेदोन लिटर. सगळं इथेनॉलच्या माथी मारणाऱ्यांनी आणि इथेनॉलनं काहीच होत नाही म्हणणाऱ्यांनी दोघांनीही एकदा हा गुणाकार करावा.

आता माझी चूक, आणि ती चांगलीच महागात पडली.

मी एक स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर घेतला आणि बाबांना रोजच्या फेऱ्यांत कूलंटचं तापमान बघायला सांगितलं. हॉस्पिटलला पोचेपर्यंत कधी ६२, कधी ६५ अंश. इंजिन नव्वदच्या आसपास चालायला हवं! थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय, इंजिन तापतच नाही, ईसीयू थंड इंजिन समजून जादा पेट्रोल देतोय, थंड ऑइल घट्ट असतं म्हणून घर्षणही जास्त. सगळी साखळी अशी सुरेख जुळली की मला प्रबंधाचं प्रकरण लिहून झाल्यासारखं वाटलं. माझा विषय ज्वलन, आणि उत्तरही नेमकं माझ्या विषयात सापडलेलं. तेव्हाच संशय यायला हवा होता. चौदाशे रुपयांत थर्मोस्टॅट बदलला. पुढची टाकी आली १३.६. मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलं. त्यापुढची आली ११.८. दोन्हींची बेरीज केली, ४१८ कि.मी. आणि ३३.१ लिटर : १२.६. जिथे होतो तिथेच.

ज्या चुकीबद्दल मी वर एवढं लिहिलं, ती मला माहीत असूनही एक चांगला आकडा दिसल्याबरोबर मी विसरले. हवा तो आकडा आला की आपण मोजणी थांबवतो, नको तो आला की पुन्हा मोजतो.

जुना थर्मोस्टॅट मी घरी आणला होता. आईच्या पातेल्यात पाणी गरम करून, त्यात तो आणि थर्मामीटर टाकून बघितलं. (ते पातेलं आता स्वयंपाकघरातून बाद आहे.) ८० अंशांना घट्ट बंद, ८३ ला उघडायला लागला. ठणठणीत. मग ६२ अंश का? कारण हॉस्पिटल तीन किलोमीटरवर आहे. एवढ्या वेळात कुठलंच इंजिन पूर्ण तापत नाही. माझ्या निरीक्षणाला दोन गृहीतकं सारखीच लागू पडत होती, आणि मी त्यातलं आवडतं उचललं. दोघांमध्ये फरक करणारी चाचणी फुकट होती : गाडी अर्धा तास महामार्गावर न्यायची. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर वेग वाढल्यावर वारा लागून तापमान उलट खाली येतं आणि सिग्नलला उभं राहिलं की चढतं. नुसता वेळ कमी पडत असेल तर ते नव्वदला जाऊन टिकतं. हे आधी केलं असतं तर चौदाशे वाचले असते.

यानंतर मी इंजिन सोडून चाकांकडे वळले. टायरमध्ये हवा २५ पीएसआय, दरवाजाच्या स्टिकरवर ३३. साधारण नियम असा की सरासरी एक पीएसआय कमी झाली की ०.२ टक्के पेट्रोल जास्त. इथे महिन्याला अर्धा लिटर. हवा भरली, पुढे गेलो. (एअर फिल्टरबद्दल सगळे विचारतात. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेनं २००९ मध्ये तपासलं होतं. आधुनिक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर तुंबला तर पिकअप कमी होतो, अ‍ॅव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही. अ‍ॅव्हरेज खाणारा फिल्टर हे कार्ब्युरेटरच्या काळचं ज्ञान आहे.)

हवा ठीक केल्यावर कोस्ट-डाउन केलं. पहाटे, रिकाम्या सरळ रस्त्यावर, गाडी साठपर्यंत नेऊन न्यूट्रल करायची आणि पन्नासवरून चाळीसवर यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. इंजिन बंद करायचं नाही, केलं तर ब्रेक आणि स्टिअरिंगची मदत जाते. मावसभाऊ शेजारी बसून स्पीडोमीटरचं व्हिडिओ घेत होता. दोन्ही दिशांनी पाच-पाच वेळा. दोन्ही दिशा का? हजार मीटरला पाच मीटरचा चढ डोळ्यांना दिसतही नाही, पण साडेदहाशे किलोच्या गाडीवर तो ५१ न्यूटन बल लावतो, आणि मी जो दोष शोधत होते तो तेवढ्याच आकाराचा होता. सरासरी काढताना सेकंदांची काढू नका, मंदनाची काढा. सेकंद भागाकारात खाली आहेत, अ‍ॅव्हरेजचंच दुखणं पुन्हा.

आले ११ सेकंद. टायर आणि वाऱ्याचा साधा हिशेब केला तर चौदा-पंधरा यायला हवे होते. मग लॅबमधली इन्फ्रारेड गन आणली. ब्रेक फारसे न वापरता सहा कि.मी. गाडी चालवली आणि चाकांच्या मधोमध तापमान घेतलं. पुढचं उजवं ५४ अंश, मागची दोन्ही ४५ च्या आसपास, पुढचं डावं ९६. इथे बाहेरच्या कंट्रोलची गरजच नव्हती. तीच गाडी, तोच रस्ता, तोच चालक, डावं-उजवं एकमेकांचा कंट्रोल. ऊन डाव्या बाजूला पडत होतं का, ही शंका घालवायला रात्री पुन्हा घेतलं, फरक तसाच.

कॅलिपरच्या पिना जाम झाल्या होत्या. ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासत राहायचे. दुसऱ्या एका मेकॅनिकनं त्या काढून, साफ करून, ग्रीस लावून बसवल्या. साडेसहाशे रुपये. कोस्ट-डाउन पुन्हा केलं, १४.५ सेकंद. या दोन वेळांवरून कमी झालेलं बल काढलं तर ६५ न्यूटन येतं. शंभर कि.मी.ला साडेसहा मेगाज्यूल, इंजिनाची कार्यक्षमता तीस टक्के धरली तर सुमारे ०.७ लिटर, महिन्याला तीन लिटर. शिवाय तापलेला ब्रेक उद्या घाटात दगा देऊ शकला असता, ते वेगळंच.

हवा, ब्रेक आणि इथेनॉल मिळून साडेचार लिटर झाले. ९.४ लिटरांतले निम्मे अजून बेपत्ता.

"चालवण्यात काही बदल झालाय का?" हे मी बाबांना पहिल्याच फोनवर विचारलं होतं. "काही नाही," म्हणाले होते. एका गुरुवारी मी स्वतः त्यांच्याबरोबर हॉस्पिटलला गेले. आईची वेळ संपायला पंधरा मिनिटं होती तेव्हा ते उठले, पार्किंगमध्ये गेले आणि गाडी सुरू करून एसी लावून बसले. मी विचारलं, हे रोज? म्हणाले, "बाहेर आली की तिला गरगरतं. गाडी तापलेली असली तर उलटी होते. गार करून ठेवतो." ते खोटं बोलले नव्हते. मी चालवण्याबद्दल विचारलं होतं, आणि उभी गाडी त्यांच्या लेखी चालवणं नव्हतं. माझा प्रश्नच चुकीचा होता. स्कॅनरवर बघितलं, एसी लावून उभ्या गाडीला तासाला ०.८ लिटर. महिन्यातून तेरा वेळा, पाव-पाव तास : २.६ लिटर. यात एक किलोमीटरही वाढत नाही.

हिशेब असा झाला. उभी गाडी २.६, ब्रेक ३, इथेनॉल ०.९, हवा ०.५. एकूण सात. उरले २.४ लिटर. ते तीन-तीन किलोमीटरच्या थंड फेऱ्यांचे असावेत असं मला वाटतं, कारण जुन्या डायरीत एकेका दमात वीस कि.मी.ची धाव होती आणि आता इंजिन तापायच्या आत बंद होतं. पण ते मी मोजलेलं नाही, उरलेल्या आकड्याला नाव दिलंय. प्रबंधात असं करायचं झालं तर "मोजलेलं" आणि "उरलेलं" हे दोन वेगळ्या रकान्यांत लिहा, नाहीतर व्हायव्हात पहिला प्रश्न तिथेच येईल.

यातले सुधारता येण्यासारखे साडेतीनच लिटर, ब्रेक आणि हवा. म्हणजे अपेक्षित अ‍ॅव्हरेज १४ च्या आसपास. हा आकडा मी टाकी भरायच्या आधी कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवला, नंतर मला बदलता येऊ नये म्हणून. पुढच्या चार टाक्या मिळून १,२१४ कि.मी. आणि ८६.३ लिटर झाले. १४.१.

एसीचे २.६ लिटर तसेच आहेत. त्याबद्दल मी काही बोलले नाही, बोलणारही नाही.

बाबांची तक्रार मात्र कायम आहे, सतरा का नाही? गेल्या महिन्यात पुण्याला येऊन-जाऊन २२२ कि.मी. झाले, १३.२ लिटर लागले. १६.८! त्यांनी लगेच फोन केला. मी सांगितलं की एका टाकीचा आकडा आहे, खरा १५.६ ते १८.२ मध्ये कुठेही असेल. आणखी तीन फेऱ्या झाल्यावर बोलू म्हटलं. ते म्हणाले, "तू पीएचडी लवकर संपव."